नदीकाठची पांढरी रेघ

बालमित्रांनो,

दिवाळीची सुट्टी संपली. सहामाहीचे पेपर हातात पडले. (मार्क किती ते विचारत नाही, घाबरू नका!) आता थंडी पडेल आणि शाळाशाळांतून शिबिरांची गडबड सुरू होईल. तंबू, शेकोटी, पिठलं-भात, रात्री भुतांच्या गोष्टी... मज्जाच मज्जा!

अशातच पलूस तालुक्यातल्या एका सहावीतल्या मुलीचं पत्र आलंय. ती लिहिते, "बाई, आमचं गाईडचं शिबिर नदीकाठी आहे. आजी म्हणते, जायचं नाही, नदीत मगर आहे. दादा म्हणतो, मगर माणसाला बघून पळते, काही होत नाही. तुम्हीच सांगा, कोणाचं खरं?"

पोरी, तुझं पत्र वाचलं आणि मला एक जुनी सकाळ आठवली. ती गोष्ट मी या पानावर आजवर सांगितली नव्हती, कारण तिच्यात चूक माझीच होती. बाईंची चूक निघाली की वर्गाला किती आनंद होतो, ते मला ठाऊक आहे! तर घ्या, ऐका.

जानेवारी २०२० मधली गोष्ट. सातवीची मुलं घेऊन आम्ही कृष्णाकाठी दोन दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. धर्मशाळेत मुक्काम, समोर दगडी घाट, खाली नदी. रात्री खिचडी झाली. ती पातेल्याच्या बुडाला अशी चिकटली की निघता निघेना. मी म्हटलं, "राहू दे आता. खालच्या पायरीवर पाण्यात भिजत ठेवा, सकाळी घासू." मुलांनी ठेवलं. मी निवांत झोपले.

पहाटे कडाक्याची थंडी. नदीवर धुकं. आमच्यातला एक मुलगा सगळ्यांच्या आधी उठला. त्याला आपण बंडू म्हणू. खरं नाव छापलं तर रुसेल. 'बाई खूश होतील' म्हणून हा एकटाच घाट उतरला. खालच्या पायरीवर उकिडवा बसला आणि पातेलं ओढायला हात पाण्यात घातला. तेवढ्यात बाजूलाच नाव बांधत असलेले नावाडी आजोबा ओरडले, "ए पोरा! ऊठ! मागं सर आदी!"

बंडू शहाणा. 'का?' म्हणून विचारत बसला नाही. पातेलं तिथंच टाकून धडाधड चार-पाच पायऱ्या वर आला आणि मग वळून पाहिलं. पायरीपासून दोन-तीन हातांवर पाण्यात एक काळपट ओंडका होता. बघता बघता तो ओंडका खाली गेला. खळखळ नाही, बुडबुडा नाही, साधा तरंगसुद्धा नाही.

ओंडका कधी आपणहून बुडतो का?

आरडाओरडा ऐकून मी धावत गेले. आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमी शिकल्याली माणसं. खरकटं भांडं रातभर पाण्यात ठिवलंसा. त्याच्या वासानं मासं आलं, माशांमागनं ती आली. तिला काय ठावं, हे शाळंचं पोरगं हाय म्हून?"

मी काय बोलणार? बंडूला मी पाठवलं नव्हतं हे खरं. पण भांडं तिथं ठेवायला कोणी सांगितलं होतं? मीच ना!

त्या दिवशी मी दोन कामं केली. पहिलं, सगळ्या मुलांसमोर "माझं चुकलं" असं म्हटलं. दुसरं, गावातल्या शाळेतून मैदान आखायची फक्की मागून आणली आणि घाटाच्या वर एक लांबलचक पांढरी रेघ ओढली. मोठं माणूस सोबत असल्याशिवाय रेघेच्या खाली कुणीही पाऊल टाकायचं नाही. बाईंनीसुद्धा नाही!

आता आधी मगरीची नीट ओळख करून घेऊ. कृष्णेत, म्हणजे भिलवडी, औदुंबर, आमणापूर या भागात जी राहते ती गोड्या पाण्यातली मगर. चिपळूणच्या वाशिष्ठीत आणि बडोदे शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीतही तीच. तुम्ही टीव्हीवर जो अॅलिगेटर बघता तो मात्र हिचा लांबचा भाऊबंद. तो अमेरिकेत आणि चीनमध्ये असतो. त्याचं तोंड मिटलं की खालचे दात दिसत नाहीत. मगरीचं तोंड मिटलं तरी खालचा चौथा दात बाहेर डोकावतो. अर्थात, दात मोजायला कुणी जवळ जायचं नाही हं! आणि लांब, चिमट्यासारखं तोंड असते ती उत्तरेकडच्या नद्यांमधली सुसर. काही गावांत मगरीलाच सुसर म्हणतात, म्हणून हे सांगितलं.

मगरीचे डोळे, नाकपुड्या आणि कान डोक्याच्या वरच्या बाजूला एका रांगेत असतात. त्यामुळे तीन-चार मीटर लांबीचं अख्खं धूड पाण्याखाली ठेवून ती नुसते डोळे-नाक वर काढते. ती तुम्हाला बघते, तुमचा वास घेते, तुमचं बोलणं ऐकते; तुम्हाला मात्र दिसते काय, तर एक लाकडाचा तुकडा! तोही कधीकधी दिसत नाही, कारण एका दमात ती अर्धा तास सहज पाण्याखाली राहू शकते.

शिवाय ती पाठलाग करून दमणारी नाही. ती दबा धरून बसणारी आहे. पाण्यावर येणारं जनावर अगदी कडेला आलं, मान खाली घातली, की एकच झेप! गजेंद्रमोक्षाची गोष्ट आजीनं सांगितली असेल ना? एवढा बलाढ्य हत्ती, पण त्याचा पाय धरला तो पाण्यात उतरल्यावरच. माणूस हे काही मगरीचं नेहमीचं खाणं नाही. मासे, पाणपक्षी, कासवं यांवर तिचं पोट भरतं. पण काठावर उकिडवं बसून भांडी घासणारा मुलगा पाण्यातून बघितला तर शेळीच्या करडाएवढाच दिसतो, हे लक्षात घ्या.

आता दादाचं म्हणणं तपासू. मगर माणसाला बघून पळते का? हो, बरेचदा पळते. मगरीचं रक्त आपल्यासारखं कायम गरम नसतं. म्हणून हिवाळ्यात ऊन चढलं की ती वाळूवर येऊन शेकत पडते, आणि माणसाची चाहूल लागली की सरसर निघून जाते. पण दादाला विचार, ती पळते कुठे? पाण्यातच ना! म्हणजे आतापर्यंत जी दिसत होती, ती आता दिसेनाशी झाली. मग धोका कमी झाला की वाढला?

म्हणून शिबिराला जाणाऱ्या प्रत्येकानं ही कलमं वहीत उतरवून घ्यायची :

१. तंबू पाण्यापासून लांब ठोका. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात मगरींच्या मुलखात तंबू पाण्यापासून किमान ५० मीटर लांब ठेवायला आणि मासे धरतानाही काठापासून ५ मीटर मागे राहायला सांगतात. तिथली खाऱ्या पाण्यातली मगर आपल्या मगरीपेक्षा मोठी आणि जास्त धोक्याची. पण नियम आपल्यालाही उपयोगी. ५० मीटर म्हणजे तुमची साधारण शंभर पावलं.

२. पाणी वर आणा, आपण खाली जाऊ नका. मोठ्या माणसांनी लांब दोरीच्या बादलीनं पाणी काढायचं आणि आंघोळ, भांडी, कपडे सगळं वर करायचं. नळ किंवा हापसा असेल तर नदीकडे जायचंच कशाला?

३. रोज त्याच वेळी, त्याच जागी पाण्यावर जाऊ नका. आपली सवय मगरीच्याही ध्यानात राहते.

४. खरकटं, माशांची आतडी, कोंबडीचे पर पाण्यात किंवा काठावर टाकू नका. (हे कलम बाईंना स्वतःच्या चुकीतून मिळालेलं आहे!) अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात तर अॅलिगेटरला खायला घालणं हाच गुन्हा आहे. माणूस दिसला की खाणं मिळतं, हे एकदा त्याच्या डोक्यात बसलं की मग तो माणसाला भीत नाही.

५. पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री पाण्याजवळ जायचंच नाही. बॅटरीचा झोत टाकला तर मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. पण निखारे दिसले नाहीत म्हणजे मगर नाही, असं मुळीच नाही. ती पाण्याखाली असेल.

६. जमिनीवर मगर दिसली तर तिच्या आणि पाण्याच्या मध्ये उभे राहू नका. तिची वाट मोकळी ठेवा. ती अंगावर आली तर पाण्यापासून लांब, सरळ रेषेत पळा. नागमोडी पळावं असं कुणी सांगेल, ते खोटं. जमिनीवर ती थोडंच अंतर जोरात येते, मग दमते. नागमोडी पळून तुमचाच वेळ जाईल.

७. कुणी पाण्यात ओढलं गेलं तर मुलांनी पाण्यात उडी घ्यायची नाही. जोरजोरात ओरडून मोठ्यांना बोलवा. त्यांनी काठावरून लांब बांबू, काठी, दोर द्यायचा. ज्याला धरलंय त्यानं मगरीच्या डोळ्यांवर जोरात मारत राहायचं. सुटल्यावर जखम लहान दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा.

आठवं कलम पावसाळ्यासाठी राखून ठेवा. पुरात नदी पात्र सोडते, तशी मगरही सोडते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात एक मगर चक्क घराच्या छपरावर जाऊन बसली होती! २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावर फिरणारी मगर तर साऱ्या महाराष्ट्रानं बघितली. म्हणून पुराच्या पाण्यात खेळायला उतरायचं नाही. मगर दिसली तर दगड मारायचे नाहीत, फोटोसाठी जवळ जायचं नाही. लांब व्हायचं आणि घरातल्या मोठ्यांना वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायला सांगायचं.

आता कुणी म्हणेल, "बाई, एवढी कटकट कशाला? मगरी काढूनच टाका ना!" एके काळी माणसानं तेच केलं. कातड्यासाठी इतक्या मगरी मारल्या, की १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिला संरक्षण द्यावं लागलं आणि १९७५ मध्ये मगरी वाचवण्याची मोठी योजना सरकारला सुरू करावी लागली. मेलेले मासे आणि जनावरं खाऊन ती नदी साफ ठेवते. आणि आई म्हणून तर विचारूच नका! उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठावर खड्डा खणून ती अंडी घालते आणि दोन महिने तिथंच राखण करते. आतून पिल्लांचा आवाज आला की माती उकरते. ज्या जबड्याला सगळे घाबरतात, त्याच जबड्यात पिल्लांना अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते. त्या दिवसांत तिच्या घरट्याच्या आसपास फिरकलात तर ती रागावणारच. तुमची आई नाही का रागावणार?

आईबाबांसाठी दोन शब्द : मुलांना 'नदीवर जाऊ नकोस' एवढंच सांगून भागत नाही. पाणी भरायला, म्हशी धुवायला पाठवतो ते आपणच. पाठवायचंच असेल तर बरोबर जा. शिबिराच्या परवानगीच्या कागदावर सही करण्याआधी शिक्षकांना तीन प्रश्न जरूर विचारा : मुक्काम पाण्यापासून किती लांब? पाणी कोण भरणार? रात्री जागं कोण राहणार? शिक्षक रागावणार नाहीत. निदान मी तरी नाही. २०२० मध्ये मला कुणी हे विचारलं असतं, तर ते पातेलं पायरीवर गेलंच नसतं.

तर पलूसच्या माझ्या मैत्रिणी, आजीचं अर्धं खरं आणि दादाचंही अर्धं खरं. नदीत मगर आहे, हे आजीचं खरं. ती उगाच माणसामागे लागत नाही, हे दादाचं खरं. तू शिबिराला खुशाल जा. फक्त बाईंना हा अंक दाखव आणि फक्कीची पिशवी बरोबर न्यायला सांग.

आमचा बंडू आता कॉलेजात जातो. त्याची धाकटी बहीण तुमच्यासारखीच हे पान वाचते. मागे भेटला तेव्हा मी विचारलं, "काय रे, त्या सकाळची आठवण येते का?" तर म्हणाला, "बाई, ते पातेलं शेवटी घासलं कुणी?"

मीच घासलं. रेघेच्या वर बसून!

करून पाहा : शाळेच्या मैदानावर ५० मीटर अंतर पावलांनी मोजा. तुमची किती पावलं झाली, ते पत्रानं कळवा.

तुमची,
बाई