मधुमेह रोखायचा तर मुलींच्या ताटाकडे पाहा

ओतूर (जि. पुणे) - ओतूरचा कांदा, नारायणगावचा टोमॅटो आणि मंचर परिसरातील भाजीपाला पुण्या-मुंबईच्या बाजारपेठेत रवाना होतो. गावोगावी दूध संकलनही होते. जुन्नर-आंबेगावसारख्या बागायती पट्ट्यात गर्भवतीच्या आहाराची चिंता कशाला, असा प्रश्न त्यामुळे पडू शकतो. याच जिल्ह्यातील सहा खेड्यांत तीन दशके चाललेल्या संशोधनाने या प्रश्नाचे अस्वस्थ करणारे उत्तर दिले आहे. ओतूर त्या सहा गावांत नव्हते. पण शेतीवर राबणाऱ्या आणि घरचे दूध विकणाऱ्या कुटुंबांना ते निष्कर्ष परके नाहीत.

प्रौढपणीच्या हृदयविकाराचे मूळ जन्मापूर्वीच्या पोषणात असू शकते, असे ब्रिटनमधील डॉ. डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये जुन्या जन्मनोंदींच्या आधारे दाखवले. त्यानंतर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी साउदम्प्टन विद्यापीठाच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्यासह १९९३ मध्ये 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू केली. विवाहित स्त्रियांची नोंद गर्भधारणेपूर्वीच घेण्यात आली. त्यांचा आहार, श्रम आणि रक्त तपासले गेले आणि पुढे त्यांच्या मुलांच्या आरोग्याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला.

कृश, तरी चरबीयुक्त

या गावांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले; इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो. येथील बाळांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. सडपातळ भारतीयालाही तरुण वयात मधुमेह का गाठतो, याचा एक धागा येथे सापडला. मुले १८ वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली मधुमेहाच्या किंवा त्याआधीच्या टप्प्यात असल्याचे आढळले. हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ही खेड्यातील मुले होती, हे शहरी वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे.

पोट भरले, पोषण राहिले

आईने किती उष्मांक वा प्रथिने घेतली, याचा बाळाच्या वजनाशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. गरोदरपणात शेतीची व घरची कष्टाची कामे जास्त करणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान असल्याचेही आढळले. भाकरी पोटभर मिळणे आणि पोषण मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाजी शेतात पिकते आणि दूध गोठ्यात निघते. ते सुनेच्या किंवा मुलीच्या ताटात किती पोहोचते, हा खरा प्रश्न आहे.

जवळपास दोनतृतीयांश मातांमध्ये 'बी-१२' जीवनसत्त्वाची कमतरता होती. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज अन्नातूनच मिळते. 'बी-१२' कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सर्वांत कमकुवत होता, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. याचा अर्थ फोलिक अॅसिडच्या गोळ्या बंद कराव्यात असा मुळीच नाही. बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूतील जन्मजात दोष टाळण्यासाठी त्या आवश्यकच आहेत. मुद्दा 'बी-१२'ची जोड देण्याचा आहे.

उपाय कधी?

अशा निरीक्षणांतून संबंध कळतो. कारण सिद्ध करण्यासाठी प्रयोग लागतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत स्त्रियांना पालेभाज्या, फळे व दूध यांपासून बनवलेला खाऊ रोज देण्याचा प्रयोग झाला. एकूण बालकांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. मात्र गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ सुरू झालेल्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाणही १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के राहिले. परिणाम चमत्कारिक नाहीत. पण दिवस राहिल्यावर सुरू केलेला आहार उशिराचा ठरतो, एवढे त्यातून स्पष्ट होते.

शासनाच्या योजनांचा भर मात्र गरोदरपणावरच आहे. आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांना २०१५ पासून अमृत आहार योजनेतून चौरस आहार दिला जातो. किशोरवयीन मुलींना शाळेत लोह व फोलिक अॅसिडची साप्ताहिक गोळी मिळते. त्यात 'बी-१२' नाही. शालेय पोषण आहारात २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे देण्यास सुरुवात झाली. पण जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्यासाठीचा निधी थांबवून अंड्यांचा खर्च लोकसहभागावर सोपवला. ज्या वयात पोषणाची गुंतवणूक पुढच्या पिढीपर्यंत पोहोचू शकते, नेमकी तेथेच ही काटकसर झाली आहे. मधुमेह झाल्यावर औषधे, डायलिसिस आणि बुडालेला रोजगार यांचा भार कुटुंबाला आयुष्यभर वाहावा लागतो. अंड्यावर वाचवलेल्या पैशांचा हिशेब मांडताना हा खर्चही जमेस धरावा लागेल.