अहिंसा शिकवायची कोणाला?

मरोळला लागून असलेल्या सीप्झच्या आवारात, कारखान्यांच्या गर्दीत, एका जुन्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. पोर्तुगीज जेझुइटांनी ते १५७९ साली बांधले. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगाने वस्ती उठली आणि चर्च मरोळ गावात आले. दरम्यान १७३७ साली मराठ्यांनी साष्टी जिंकली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यातील शिवस्थानाचे पोर्तुगिजांनी चर्च केले होते. तेथे पुन्हा शिवाची पूजा सुरू झाली. त्या युद्धाची झळ काही चर्चना बसली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मरोळचे हे चर्च पुढेही शंभर वर्षे भाविकांचेच राहिले आणि शरण आलेल्या वसईच्या शिबंदीला सन्मानाने जाऊ दिले गेले. हाती तलवार होती, म्हणूनच त्या क्षमेला अर्थ होता.

हा इतिहास आठवण्याचे कारण म्हणजे कॅथलिक जगतात सुरू झालेला अहिंसेचा जागर. एप्रिल २०१६ मध्ये रोममध्ये भरलेल्या परिषदेने ‘न्याय्य युद्धा’चा सिद्धान्त चर्चने सोडावा, असे आवाहन केले. १ जानेवारी २०१७ च्या विश्व शांतिदिनाचा पोप फ्रान्सिस यांचा संदेशही अहिंसेवरच होता. त्यात गांधीजी आणि खान अब्दुल गफार खान यांचा गौरव आहे. स्वागतच आहे! मरोळच्या शेजारी, महाकालीच्या लेण्यांत, बौद्ध भिक्षू करुणेची साधना करीत होते, तेव्हा युरोपला गांधीजींची वार्ताही नव्हती.

प्रश्न तत्त्वाचा नाही, ते सांगायचे कोणाला, हा आहे. मार खाणाऱ्याला शांततेचा उपदेश करणे सोपे असते. भ्याडपणा आणि हिंसा यांतून एक निवडायचे झाल्यास आपण हिंसेचा सल्ला देऊ, असे गांधीजींनीच १९२० मध्ये लिहिले होते. ज्याच्यावर इतरांच्या प्राणांची जबाबदारी आहे, त्याला संरक्षण हे कर्तव्यच ठरते, असे कॅथलिक धर्मशिक्षणाचा अधिकृत ग्रंथही सांगतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली, अंगावर गोळ्या झेलल्या. त्यामुळेच तो जिवंत सापडला आणि न्यायालयापुढे उभा राहिला. ही हिंसा म्हणायची की अहिंसा? हा क्षात्रधर्म आहे, आणि तो सूडापासून कोसो दूर आहे.

तो भेद हिंदू समाजानेही विसरता कामा नये. १९९९ मध्ये ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन कोवळ्या मुलांना जिवंत जाळणे हा अधर्मच होता. २००८ मध्ये कंधमाळात स्वामी लक्ष्मणानंदांची हत्या हा जसा अधर्म, तसाच त्यानंतर निरपराध ख्रिस्ती कुटुंबांवर उगवलेला सूडही अधर्मच. तेव्हा पोप बेनेडिक्ट यांनी दोहोंचाही निषेध केला होता. तीच कसोटी सर्वांना, सर्वकाळ लागू व्हावी.

दुर्बलाची अहिंसा ही शरणागती आणि उन्मत्ताचे बळ हा अत्याचार. समाजाला हवे आहे ते सामर्थ्य, कायद्याच्या मर्यादेत राहणारे आणि जिंकल्यावर हात आवरणारे. सीप्झमधल्या त्या भिंती त्याचीच साक्ष देत उभ्या आहेत.