पुण्याचे नाव भाड्याने देणे आहे

२१ मे २०१७ च्या रात्री हैदराबादेत पुण्याचा संघ आयपीएलचा अंतिम सामना एका धावेने हरला. त्या एका धावेवर तेव्हा रकानेच्या रकाने भरले, आणि आजही क्रिकेटच्या गप्पा रंगल्या की कोणीतरी उसासा टाकून तो विषय काढतोच. आमचे म्हणणे असे की, पुण्याने त्या रात्री गमावले ते त्या एका धावेहून पुष्कळ मोठे होते, आणि ते नाणेफेकीच्याही आधी गमावलेले होते. रायझिंग पुणे सुपरजायंटने करंडक उंचावला असता तरी त्या संघाला पुढचा हंगाम नव्हता. करार दोन वर्षांचा होता आणि दुसरे वर्ष त्या रात्री संपले. ज्या संघाला उद्या नाही, त्याच्या जयपराजयाला शहराचा जयपराजय म्हणावे काय? आम्ही म्हणतो, म्हणू नये. आणि यापुढे कोणी पुण्याचे नाव मागायला आला तर ते असे सहजासहजी देऊही नये.

आम्ही राहतो हडपसरला. गहुंज्याचे मैदान येथून सुमारे ४० किलोमीटर दूर, मावळात, द्रुतगती मार्गाच्या कडेला. सोलापूर रस्त्यावरून निघून सबंध शहर आणि पिंपरी-चिंचवड ओलांडले की ते येते. तरीही त्या उन्हाळ्यात हडपसरच्या चहाच्या टपऱ्यांवर, मगरपट्ट्याच्या कचेऱ्यांत आणि गाडीतळाच्या गर्दीत बोलणे एकाच संघाचे होते. हे प्रेम खोटे होते असे कोणी समजू नये. आमचा रोख प्रेम करणाऱ्यांवर नाही. त्या प्रेमाचा जो व्यवहार झाला, त्यावर आहे.

हंगाम मात्र खरोखरच विलक्षण होता, आणि टीका करायची म्हणून ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. फेब्रुवारीत लिलावाच्या आदल्या दिवशी महेंद्रसिंग धोनीचे कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथला देण्यात आले. दुसऱ्या दिवशी बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी रुपये मोजले गेले. त्याच आठवड्यात गहुंज्यातच स्मिथच्या ऑस्ट्रेलियाने भारताला कसोटीत ३३३ धावांनी हरवले आणि स्मिथने त्यात शतक ठोकले. म्हणजे ज्याने आमच्याच मैदानावर आमच्या देशाला लोळवले, तो दीड महिन्यात आमचा कर्णधार म्हणून त्याच मैदानावर उतरला आणि मुंबईविरुद्ध नाबाद ८४ धावा करून आमच्या गळ्यातला ताईत झाला!

पहिल्या चारपैकी तीन सामने हरलेला हा संघ पुढे साखळीत नऊ विजय मिळवून दुसऱ्या क्रमांकावर आला. ३० लाखांत घेतलेल्या जयदेव उनाडकटने २४ बळी मिळवले. हैदराबादविरुद्ध त्याने डावाचे शेवटचे षटक निर्धाव टाकले आणि त्यातच हॅट्‌ट्रिक साधली. १० लाखांत आलेल्या, महाराष्ट्राकडून रणजी खेळणाऱ्या राहुल त्रिपाठीने ईडन गार्डन्सवर ५२ चेंडूंत ९३ धावा फटकावल्या. जखमी अश्विनच्या जागी आलेल्या १७ वर्षांच्या वॉशिंग्टन सुंदरने वानखेडेवर १६ धावांत तीन बळी घेऊन संघाला अंतिम फेरीत नेले. मुंबईला या संघाने त्या हंगामात तीनदा हरवले, आणि चौथ्यांदा, जेव्हा हरवणे सर्वांत अगत्याचे होते तेव्हा, १३० धावांचे लक्ष्य असताना तो १२८ वर थांबला. शेवटच्या षटकात ११ धावा हव्या होत्या. मनोज तिवारीने पहिल्या चेंडूवर चौकार मारला आणि पुढच्या दोन चेंडूंवर तो आणि स्मिथ लागोपाठ झेल देऊन परतले. नाटककाराने लिहिले असते तर अतिरंजित वाटले असते.

आता या नाटकाची संहिता कोणी लिहिली ते पाहू. २०१५ मध्ये लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांच्या मालकांना दोन वर्षांसाठी निलंबित केले. आठ संघांची स्पर्धा सहावर आली असती आणि दूरचित्रवाणीचे गणित कोलमडले असते. म्हणून दोन वर्षांपुरते दोन संघ हवे होते. डिसेंबर २०१५ मध्ये उलटा लिलाव झाला: मंडळाकडून कोण कमीत कमी पैसे घेईल ते पाहण्याचा. कोलकात्याच्या संजीव गोएंका यांच्या कंपनीने काही घेण्याऐवजी वर्षाला १६ कोटी रुपये देण्याची बोली लावून पुणे मिळवले. दुसरा संघ राजकोटला गेला. पुण्याचा संघ जन्मला तो असा, दुसऱ्याच्या रजेच्या काळात. कचेरीत कोणी रजेवर गेले की त्याच्या खुर्चीवर हंगामी माणूस बसवतात. त्याच्याशी कोणी गैर वागत नाही, पण तो आपला म्हणूनही कोणी त्याची मिरवणूक काढत नाही. येथे मिरवणूक निघाली, कारण खुर्चीवर आपल्या गावाची पाटी होती.

त्या पाटीची किंमत काय होती ते पहिल्याच वर्षी कळले. २०१६ चा एप्रिल आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेले जात होते. मैदानांवर पाणी ओतण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश झाला. त्या आदेशाबद्दल आम्हांला तक्रार नाही. माणसाच्या घशाआधी खेळपट्टीला पाणी मिळावे असे कोण म्हणेल? पण पुढे काय झाले ते पाहा. पुण्याच्या संघाने आपले उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला खेळले. घर बदलले आणि काहीच अडले नाही! नाव तेच, गणवेश तोच, जाहिराती त्याच. ज्या घरावाचून काही अडत नाही, ते घर मुळात घर नसते. तो मुक्काम असतो.

आणि मुक्काम हलला तेव्हा काय उरले? धोनी चेन्नईला परतला. स्मिथ, रहाणे, स्टोक्स, उनाडकट आणि त्रिपाठी राजस्थानच्या पदरी गेले. ३० लाखांच्या उनाडकटची किंमत आता साडेअकरा कोटी झाली होती. सुंदर बंगळूरला गेला. खेळाडूंनी जावे, तो त्यांचा व्यवसाय आहे. पण नावसुद्धा गेले! २०२१ मध्ये त्याच मालकांनी ७,०९० कोटी रुपयांना लखनौचा संघ घेतला आणि त्याचे नाव ठेवले लखनौ सुपर जायंट्स. पुण्याला ‘सुपरजायंट’ ठरवणारी उपाधी गाठोड्यात बांधून गोमतीकाठी नेण्यात आली. मागे राहिला तो एक ‘पुणे’ हा शब्द, कारण तेवढाच त्यांच्या मालकीचा नव्हता. आणि एप्रिल २०१८ मध्ये, कावेरी आंदोलनामुळे चेन्नईचे सामने गहुंज्यात आले, तेव्हा चेन्नईहून चाहत्यांची खास रेल्वेगाडी पुण्यात उतरली आणि आमचे मैदान पिवळे झाले. परमुलखात हजार किलोमीटर प्रवास करून येणारा तो चाहता पाहून आम्हांला हेवा वाटला. त्याच्या संघाला दोन वर्षांची शिक्षा झाली होती, पण तो संघ परत येणार हे त्याला ठाऊक होते. आमच्या संघाचा काहीच अपराध नव्हता आणि तो कायमचा गेला.

हा अपवाद असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. २०१० मध्ये सहारा समूहाने ३७ कोटी डॉलर मोजून पुणे वॉरियर्स घेतला. या ‘पुण्याच्या’ संघाने पहिल्या वर्षीचे घरचे सामने नवी मुंबईत खेळले, २०१२ मध्ये तो तळाला गेला आणि २०१३ मध्ये मालक व मंडळ यांच्या पैशाच्या भांडणात संपला. फुटबॉलची कथा याहून करुण आहे. पुणे एफसी आय-लीगमध्ये २०१२-१३ च्या हंगामात उपविजेता ठरला आणि दोन-तीन वर्षांत बंद झाला. भारत एफसी एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये विझला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला आणि त्याचे खेळाडू हैदराबादच्या नव्या संघात गेले. तीन वर्षांच्या आत त्या हैदराबादने करंडकही जिंकला. दहा वर्षांत सहा संघ! इतक्या वेळा तर भाडेकरूही बदलत नाहीत.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की, हा शेवटी करमणुकीचा धंदा आहे, तिकीट काढावे, पाहावे, घरी यावे. ठीक आहे. मग ‘आपला संघ’, ‘आपले शहर’ अशी आरोळी जाहिरातीत का ठोकता? सर्कशीचा तंबू गावाचे नाव लावत नाही. तो रोकडा व्यवहार आहे आणि म्हणूनच प्रामाणिक आहे. दुसरा आक्षेप असा की, दोन वर्षांची मुदत जाहीरच होती, फसवणूक कोठे झाली? मुदत जाहीर होती, पण बाराव्या वर्षी एखाद्या संघावर जीव जडवणारे पोर करारनामा वाचून जीव जडवत नाही, आणि सगळा धंदा नेमका त्या न वाचण्यावर उभा आहे. तिसरा आक्षेप थोडा वजनदार आहे: पुणेकर आपल्या महाराष्ट्राच्या रणजी सामन्यांना तरी कोठे जातात? हे खरे आहे. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकणारा, आणि ज्याच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्यातच नाबाद ४४३ धावा केल्या, तो संघ आज ओस मैदानात खेळतो. पण यातून निघतो तो निष्कर्ष आमच्याच बाजूचा आहे. जो संघ कधी गेलाच नाही त्याच्याकडे पाठ, आणि जो राहणारच नव्हता त्याच्यासाठी आरत्या, ही आवड आपोआप घडलेली नाही. जाहिरातीच्या पैशाने ती घडवली आहे.

जगात हे सर्वत्र असेच चालते, असेही नाही. चालते तेथे लोक ते विसरत नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये डॉजर्स हा बेसबॉलचा संघ पिढ्यान्‌पिढ्या होता. १९५५ मध्ये त्याने तेथील एकमेव जगज्जेतेपद मिळवले आणि १९५७ च्या हंगामानंतर मालकाने तो लॉस एंजेलिसला नेला. मैदान पाडून तेथे घरे बांधली. ब्रुकलिनच्या म्हाताऱ्यांनी तो राग मरेपर्यंत जपला. उलट विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या सुमारे लाखभर वस्तीच्या गावातला अमेरिकन फुटबॉलचा संघ भागधारकांच्या मालकीचा आहे. त्या भागांवर लाभांश मिळत नाही, पण संघ कोणाला उचलून नेता येत नाही. जर्मनीत, काही अपवाद वगळता, फुटबॉल क्लबातील बहुमत सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियम आहे.

हे परदेशी वाटत असेल तर हडपसरला या. शहर वाढत आले तेव्हा मगरपट्ट्यातल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन बिल्डरांना तुकड्यातुकड्याने विकली नाही. ती एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि त्यावर स्वतःच नगर उभारले. त्या नगराबद्दल मतभेद असू शकतात, आमचेही आहेत. पण नाव मगरांचे आणि मालकीही मगरांची, एवढा हिशेब त्यात चोख आहे. ऊस पिकवणाऱ्यांना जे सुचले, ते क्रिकेट चालवणाऱ्यांना सुचू नये?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. गहुंज्याचे मैदान महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे आहे, आणि मैदानावाचून कोणालाही पुण्याचा संघ म्हणून उभे राहता येत नाही. उद्या कोणी पुण्याच्या नावाने संघ काढू इच्छील, त्याला मैदान देताना तीन अटी घालाव्यात. किमान दहा वर्षांचा शब्द. महाराष्ट्राच्या खेळाडूंना संघात ठरलेल्या जागा. ऋतुराज गायकवाड आपला, आणि २०२४ मध्ये तो कर्णधार झाला चेन्नईचा, हे पुन्हा घडू नये. आणि संघाच्या मालकीत नागरिकांचा, थोडा का होईना, भाग. या अटींवर कोणी येणार नाही असे म्हणाल, तर न येवो. रिकामी खुर्ची हंगामी माणसापेक्षा बरी.

टिकणे अशक्य आहे असेही नाही. कबड्डीतली पुणेरी पलटण २०१४ पासून त्याच नावाने खेळते आहे. नऊ हंगाम करंडकावाचून गेले, दहाव्या हंगामात, १ मार्च २०२४ रोजी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली तिने हरियाणाला २८-२५ असे हरवून तो मिळवला. तोही हैदराबादेतच. त्या करंडकाला पुण्याचा म्हणताना जीभ अडखळत नाही, कारण हरलेल्या हंगामांतही ती पलटण पुण्याचीच होती. आमच्या हडपसरला दर आषाढीच्या वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या येतात आणि येथून वाटा फुटून एक दिवे घाटाकडे, दुसरी लोणी काळभोरकडे जाते. पाहुणचार करून निरोप देताना कोणी रडत नाही. पुढल्या वर्षी त्या येणार, हे ठाऊक असते. संघाकडून आम्ही याहून अधिक काही मागत नाही.