जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन : मूळ रूप की नवा बदल?

जुन्या पेढीची डागडुजी निघाली की घरात दोन मते उमटतात. वडीलधाऱ्यांना सागवानी खांब, पितळी कड्या आणि बैठकीची मांडणी जशीच्या तशी हवी असते. नव्या पिढीला उजेड, सोय आणि मोकळी जागा हवी असते. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या परीने खरे असते आणि म्हणूनच निर्णय अवघड होतो. नेमका हाच पेच गेली अनेक वर्षे जर्मनी, इंग्लंड व अमेरिकेतील घरगुती गॅरेजांत पडत आला आहे. तेथे वादाचा विषय वास्तू नसून एक मोटार आहे. ती मोटार म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची जुनी ‘पोर्शे ९११’.

१९६३ सालच्या सप्टेंबर महिन्यात फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांपुढे आली, तेव्हा तिचे नाव ‘९०१’ होते. मध्ये शून्य असलेले तीन आकडी नाव वापरण्याचा हक्क आपला आहे, अशी हरकत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने घेतली. शून्याच्या जागी एक आला आणि १९६४ पासून ती ‘९११’ या नावाने जगाला ठाऊक झाली. तिची आकृती फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी घडवली. ‘बीटल’ मोटारीचे जनक फर्डिनांड पोर्शे हे त्यांचे आजोबा. आजोबांच्या बीटलप्रमाणे नातवाच्या या गाडीचेही इंजिन मागे होते आणि त्यात पाणी नव्हते.

बुलेट मोटारसायकलच्या सिलिंडरभोवती असलेले धातूचे कंगोरे सर्वांनी पाहिलेले असतात. वारा त्या कंगोऱ्यांवरून वाहतो व इंजिनाची उष्णता काढून नेतो. ९११ मध्ये तत्त्व तेच आहे. मात्र इंजिन पाठीमागे बंदिस्त असल्याने पट्ट्यावर फिरणारा मोठा पंखा सहा सिलिंडरांवर वारा घालतो. एका बाजूला तीन व दुसऱ्या बाजूला तीन अशी ही सिलिंडरे आडवी, एकमेकांकडे पाठ करून बसवलेली असतात. उष्णता वाहून नेण्याचा उरलेला भार तेलावर पडतो. हे तेल इंजिनाच्या तळाशी साठत नाही. ते वेगळ्या टाकीत राहते व पंपाने फिरवले जाते. म्हणून या गाडीचे तेल मोजण्याची रीतही निराळी आहे. इंजिन गरम झालेले, गाडी सपाट जमिनीवर आणि इंजिन चालू असतानाच तेलपट्टी पाहावी लागते. बंद इंजिनावर मोजून ‘तेल कमी आहे’ असे समजणारा नवखा मालक टाकी वाजवीपेक्षा जास्त भरून बसतो.

पहिल्या ९११ चे इंजिन १,९९१ घन सेंटिमीटरचे व १३० अश्वशक्तीचे होते. पुढे आकार वाढत गेला, परंतु हवेने थंड होणारी ही परंपरा १९९८ पर्यंत टिकली. त्यानंतरच्या ९११ मध्ये पाणी आले. त्यामुळे १९६४ ते १९९८ या काळातील गाड्यांची संख्या आता वाढणार नाही. ती फक्त घटू शकते. येथूनच जपणुकीच्या प्रश्नाला धार येते.

घरी हे काम हाती घेणाऱ्याची पहिली परीक्षा इंजिनात नसते, पत्र्यात असते. १९७६ च्या मॉडेलपासून या गाड्यांचा सांगाडा जस्ताचा लेप दिलेल्या पोलादाचा होऊ लागला. त्यापूर्वीच्या गाड्यांना हे संरक्षण पूर्ण मिळालेले नाही. पुढील बाजूस बॅटरीखालची जागा, पुढच्या चाकांचे आधार जेथे जोडले जातात तो भाग, आणि दरवाजांखालील पोकळ पट्ट्या ही गंजाची ठरलेली ठिकाणे होत. दरवाजांखालच्या त्या पट्ट्या केवळ शोभेच्या नसतात. गाडीचा भार त्या पेलतात आणि इंजिनाकडून येणारी उबदार हवाही त्यांतूनच आत नेली जाते. वरून रंग चकचकीत आणि आतून पट्टी पोखरलेली, अशी गाडी घेणे म्हणजे पाया न पाहता घर घेण्यासारखे आहे. जाणकार मनुष्य म्हणून आधी गालिचे उचलतो, लोहचुंबक फिरवतो आणि मगच किमतीची बोलणी करतो. जेथे जाड पुट्टी भरलेली असते तेथे चुंबकाची पकड ढिली पडते.

आता प्रातिनिधिक म्हणून एक प्रसंग घ्यावा. दक्षिण कॅलिफोर्नियातील एका गृहस्थाकडे १९७५ सालची ९११ आहे. इंजिन २.७ लिटरचे. तेल गळते, चढावर इंजिन तापते, आवाजही पूर्वीसारखा राहिलेला नाही. सुटीच्या दिवसांत घरच्या गॅरेजमध्ये ते उतरवायचे त्याने ठरवले. या गाडीचे इंजिन वर उचलून काढता येत नाही. गिअरबॉक्ससह ते खाली उतरवावे लागते. दोन्ही मिळून वजन २०० किलोहून अधिक भरते. म्हणून बॅटरीची तार प्रथम सोडवणे, गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर ठेवणे आणि खाली शिरण्यापूर्वी ती हलवून पाहणे, हे नियम तो मोडत नाही. जुन्या क्लच व ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती हवेच्या झोताने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, हेही त्याने शिकून घेतले आहे. निघालेला प्रत्येक बोल्ट स्वतंत्र पिशवीत जातो, पिशवीवर जागेचे नाव लिहिले जाते आणि हात लावण्यापूर्वी त्या जागेचे छायाचित्र घेतले जाते.

इंजिन उघडल्यावर जे दिसते ते या वर्षांतील गाड्यांच्या मालकांना अपरिचित नाही. १९६८ ते १९७७ या काळातील बहुतेक ९११ च्या इंजिनांचा मुख्य सांगाडा, म्हणजे क्रँककेस, मॅग्नेशियमचा होता. मॅग्नेशियम वजनाला हलके. मागे इंजिन असलेल्या गाडीत हा गुण मोलाचा. परंतु सिलिंडरे व त्यांवरील टोप क्रँककेसला धरून ठेवणारे चोवीस लांब स्टड पोलादाचे असतात. तापल्यावर मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम जितके फुगतात तितके पोलाद फुगत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी इंजिन गरम झाले की स्टडवरील ताण वाढतो. वर्षानुवर्षे असे झाले की मऊ मॅग्नेशियममधील आटे सुटतात आणि स्टड उपटून येतो. २.७ लिटरच्या इंजिनांत हा दोष विशेष दिसला. अमेरिकेत प्रदूषण आवरण्यासाठी धूर बाहेर पडण्याच्या मार्गात जी उपकरणे बसवली गेली, त्यांनी इंजिनाजवळची उष्णता आणखी वाढवली.

गृहस्थापुढे आता दोन वाटा आहेत. पहिली दुरुस्तीची. क्रँककेस तज्ज्ञाच्या यंत्रशाळेत पाठवायची, चोवीसही छिद्रे मोठी करून त्यांत पोलादी आट्यांच्या नळ्या बसवून घ्यायच्या, बेअरिंगांच्या जागा तपासून सरळ करून घ्यायच्या आणि तेच इंजिन पुन्हा जुळवायचे. हे काम घरी होत नाही. वेळ व पैसा दोन्ही लागतात. दुसरी वाट बदलाची. १९७८ नंतरच्या ‘९११ एससी’चे तीन लिटरचे इंजिन थोड्या फेरफारांनी या गाडीत बसते. त्याची क्रँककेस ॲल्युमिनियमची, म्हणून आटे सुटण्याची भीती कमी, शक्तीही अधिक. त्या इंजिनाचेही खालच्या बाजूचे स्टड तुटतात, हे मात्र विसरून चालत नाही. दोष नसलेले यंत्र कोणत्याच वर्षी बनले नाही.

केवळ चालवण्याचा विचार केला तर दुसरी वाट मोहाची आहे. परंतु प्रत्येक ९११ च्या क्रँककेसवर, पंख्याजवळ, एक क्रमांक ठोकलेला असतो. सांगाड्याचा क्रमांक पुढच्या डिकीत असतो. कारखान्याच्या नोंदीप्रमाणे हे दोन क्रमांक एकमेकांचे असतील तर त्या गाडीला बाजारात वेगळा मान असतो आणि किंमतही वेगळी मिळते. एकदा मूळ क्रँककेस भंगारात गेली की तो क्रमांक कितीही पैसे मोजून परत येत नाही.

याचा अर्थ बदल वाईट, असा मुळीच नव्हे. काही बदल खुद्द कारखान्यानेच सुचवले आहेत. इंजिनातील साखळी ताणून धरणारी जुनी रचना निकामी झाली तर साखळी दात चुकवते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि क्षणात मोठे नुकसान होते. १९८४ च्या मॉडेलपासून तेथे तेलाच्या दाबावर चालणारी सुधारित रचना आली. ती जुन्या इंजिनांतही बसवता येते व हजारो मालकांनी ती बसवली आहे. तिला कोणी मूळ रूपाचा अपमान म्हणत नाही. तसेच बदलाची एक स्वतंत्र कलाही निर्माण झाली आहे. शेफील्डहून लॉस एंजेलिसला गेलेले मॅग्नस वॉकर जुन्या ९११ ना आपल्या आवडीचा साज चढवून जगभर परिचित झाले. कॅलिफोर्नियातील ‘सिंगर’ ही संस्था त्यामानाने अलीकडच्या गाडीला जुन्या काळाचे रूप देते. जपानचे अकिरा नाकाई तर मूळ पत्रा कापून रुंद पंख बसवतात. त्यांची गाडी आवडणारे पुष्कळ आहेत. परंतु कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही, हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागते. चाके, आसने, स्टिअरिंग, धुराची नळी हे सारे काढून पुन्हा मूळचे लावता येते. कापणे, छिद्रे पाडणे, क्रमांक घालवणे यांना परतीचा रस्ता नाही. बदलांची विभागणी खरे तर ‘चांगले’ आणि ‘वाईट’ अशी नसून ‘परत फिरता येणारे’ आणि ‘न येणारे’ अशी करावयास हवी.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. कॅलिफोर्नियात १९७५ व त्यापूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना धुराची नियमित तपासणी करावी लागत नाही. १९७६ च्या गाडीला करावी लागते. एका वर्षाच्या फरकाने मालकाचे स्वातंत्र्य बदलते. जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ क्रमांकपट्टी मिळते व तिचा कर ठरावीक असतो. परंतु गाडी बहुतांशी मूळ स्वरूपात आणि चांगल्या स्थितीत असल्याचा तज्ज्ञाचा अहवाल त्यासाठी लागतो. गाडीच्या काळाला साजेसे बदल तेथे चालतात. आजच्या काळातील वाटेल तो बदल चालत नाही.

या सर्व व्यवहारात खरी कसोटी मात्र गाडी विकण्याच्या दिवशी लागते. १९७२ साली आलेली ‘कॅरेरा आरएस २.७’ ही ९११ च्या घराण्यातील मानाची गाडी. पाचशे गाड्यांचा बेत होता; प्रत्यक्षात सुमारे १,५८० बनल्या. साध्या ९११ ला बदकाच्या शेपटीसारखा मागचा पंख, बाजूचे अक्षरलेखन व रुंद चाके लावून तिच्यासारखे रूप देणे अवघड नाही. अनेकांनी हौसेने तसे केले आहे आणि ‘ही प्रतिकृती आहे’ असे उघड सांगितले आहे. त्यात काहीही गैर नाही. परंतु तीच गाडी दोन-तीन हातांतून फिरता फिरता कोणीतरी ‘प्रतिकृती’ हा शब्द गाळतो आणि हौसेची फसवणूक होते. गाडी तीच, पत्रा तोच, रंगही तोच. खोटे पडते ते फक्त सांगणे. तराजू खरा असूनही वजन चुकीचे सांगता येते, हे व्यापाऱ्याला वेगळे समजावण्याची गरज नाही.

आपल्या गृहस्थाने शेवटी मधली वाट धरली. तीन लिटरचे इंजिन त्याने गाडीत बसवले, कारण डोंगरातील रस्त्यावर त्याला ती निर्धास्तपणे चालवायची होती. मूळ क्रँककेस मात्र स्वच्छ करून, तेल लावून, कापडात गुंडाळून गॅरेजच्या फळीवर ठेवली. गाडीचा एकही पत्रा त्याने कापला नाही. आणि एक जाड वही घातली. कोणत्या तारखेस काय काढले, काय बसवले, कोणाकडून घेतले, किती रक्कम दिली, व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर ०.१० मिलिमीटर केव्हा लावली, हे सारे त्या वहीत आहे. कामात झालेली चूकही आहे : पहिल्यांदा एक सील उलटे बसले आणि इंजिन पुन्हा उतरवावे लागले, ही नोंद त्याने खोडलेली नाही.

अशी वही घरी काम करणाऱ्याला नामांकित गॅरेजच्या बरोबरीने उभे करते. ‘घरी केलेले काम’ म्हटले की खरेदीदार साशंक होतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु पावत्या, छायाचित्रे व तारखा समोर आल्या की शंकेची जागा प्रश्न घेतात आणि प्रश्नांना उत्तरे देता येतात. उद्या ही गाडी त्याच्या मुलांकडे जावो की परक्याकडे, नव्या मालकाला किल्लीबरोबर वही मिळेल आणि फळीवरची क्रँककेसही. तिच्यात पोलादी आटे बसवून ती परत गाडीत घालायची, की आहे ते इंजिन चालू ठेवायचे, हे मग तो ठरवील. आधीच्या मालकाने स्वतःची हौस पुरवली, पण पुढच्याचा निर्णय त्याच्याकडून हिरावून घेतला नाही.