मांद्रेतला गारवा, कोरबाचा कोळसा

संध्याकाळ झाली की मांद्रेच्या किनारपट्टीवर हॉटेलांचे आणि व्हिलांचे एसी सुरू होतात. त्या गारव्याची वीज गोव्यात फारशी बनत नाही. राज्याला ती मुख्यतः बाहेरून मिळते आणि त्यात छत्तीसगडमधील कोरबा व मध्य प्रदेशातील विंध्याचल या एनटीपीसीच्या कोळसा केंद्रांचा मोठा हात आहे. एकट्या विंध्याचलची क्षमता 4,760 मेगावॅट. तिथली राख तिथल्याच गावांना सोसावी लागते.

जगातही विजेसाठी कोळसा जळतोच आहे. 2021 ते 2024 या तीन वर्षांत सौर विजेचे उत्पादन दुप्पट झाले, तरी 2024 मध्ये कोळसाही पूर्वी कधी नव्हता इतका जाळला गेला. कारण विजेची एकूण मागणीही वाढतच आहे. जगातली सुमारे दहा टक्के वीज एसी आणि पंखेच खातात, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2018 मध्येच सांगितले होते. भारतात 30 मे 2024 रोजी, ऐन उन्हाळ्यात, मागणी 250 गिगावॅटवर गेली.

मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला आणि मोरजी, मांद्रे, हरमल भागातला बांधकामाचा जोर आणखी वाढला. वीज वाढवायची तर नव्या वाहिन्या आल्या. गोव्यात वीज आणणाऱ्या तम्नार वाहिनीसाठी मोलेच्या जंगलावर कुऱ्हाड येणार म्हणून गोमंतकीय रस्त्यावर उतरले, ते योग्यच होते. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीनेही 2021 मध्ये जुन्या 220 केव्ही वाहिनीचाच मार्ग वापरण्याची शिफारस केली. पण मोलेचे रान वाचवायचे आणि किनाऱ्यावरचा वापर मोकाट सोडायचा, हे जुळत नाही.

घरांसाठी पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. खरी मोठी छपरे मात्र हॉटेलांची. ऊन दिवसा असते, एसी रात्री चालतात, आणि पावसाचे चार महिने आभाळ भरलेले असते; ही अडचण खरी आहे. म्हणून पॅनेलसोबत बॅटरी हवी, गरम पाण्याला सोलर हीटर हवा, आणि काचेच्या भिंतींऐवजी पेडण्याच्या जुन्या कौलारू घरांसारखी उंच, वारा खेळणारी बांधणी हवी.

गोवा सरकारने 2050 पर्यंत शंभर टक्के अक्षय ऊर्जेचा शब्द दिला आहे. त्याची सुरुवात मांद्रेसारख्या पंचायतींनी करावी: आपल्या विजेचा ठरावीक वाटा स्वतः निर्माण केल्याशिवाय मोठ्या बांधकामाला परवाना देऊ नये.