महासंगणकाचे वीजबिल

अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचा ‘एल कॅपिटन’ हा महासंगणक नोव्हेंबर २०२४ मध्ये जगात अग्रस्थानी आला. त्याच्या वेगाइतकीच त्याला लागणाऱ्या सुमारे ३० मेगावॉट विजेचीही चर्चा व्हावयास हवी.

या यंत्रात नानाविध कामे सांभाळणारा सीपीयू आणि एकाच जातीची असंख्य गणिते एकदम सोडविणारा जीपीयू एकाच चिपवर नांदतात. दोघांचे स्मृतिभांडार एक आणि विजेचा शिधाही एकच. निर्माण होणारी उष्णता वाहून नेण्यास मर्यादा असल्याने हा शिधा वाढविता येत नाही; एकाला अधिक द्यावयाचे तर दुसऱ्याचे ताट आखडावे लागते. ही वाटणी चिपमधील एक नियंत्रक क्षणोक्षणी करीत असतो.

काटकसरीला येथे वाव मोठा आहे. वेग आणि विद्युतदाब दोन्ही दहा टक्क्यांनी उतरविल्यास गणनेवरील विजेचा खर्च स्थूलमानाने सत्तावीस टक्क्यांनी उतरतो. परंतु काम आणि कामाचा देखावा यांतील भेद नियंत्रकाला नेहमीच उमगतो असे नाही. जीपीयूच्या उत्तराची वाट पाहणारा सीपीयू पुष्कळदा ‘झाले का, झाले का’ असे अखंड विचारीत राहतो, आणि त्या विचारण्यालाच श्रम समजून त्याचा वाटा कायम राखला जातो. (कचेऱ्यांतून हे दृश्य अगदीच अपरिचित नाही!) अशा वेळी सीपीयूला झोपविणे हे आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती असते, पण झोपविण्यात आणि जागे करण्यात क्षण दवडतात, म्हणून तो ते टाळतो.

तथापि, एवढ्याने वीज उरेल असे मानणे भाबडेपणाचे होय. २०२२ च्या यादीत पहिला आलेला ओक रिजचा ‘फ्रंटियर’ दर वॅटमागे सेकंदाला सुमारे ५२ अब्ज गणिते करीत होता. एल कॅपिटन सुमारे ५९ अब्ज करतो. कार्यक्षमता वाढली खरी, पण एकूण मागणी २१ मेगावॉटवरून ३० मेगावॉटवर गेली. वाचविलेले सारे वेगाने गिळले. कोळशाविषयी जेव्हन्सने १८६५ मध्ये हाच इशारा दिला होता.

सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील ‘परम रुद्र’ यंत्रांचे उद्घाटन झाले. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या अशा यंत्रांच्या खरेदीत कमाल वेगाबरोबर प्रत्यक्ष कामामागे लागणाऱ्या युनिटांचीही अट असावी, आणि प्रत्येक संशोधकाला त्याने वापरलेल्या तासांशेजारी युनिटांचा आकडाही छापून मिळावा, अशी आमची मागणी आहे.