चालतंय ना, मग झालं!

मंडळी, आजचा लेख जरा तिखट होणार आहे. नातेवाईकांपैकी जे हा ब्लॉग चोरून वाचतात आणि मग फोनवर "आत्या, तू आमच्यावर लिहिलंस का?" असं विचारतात, त्यांनी पाण्याचा पेला जवळ घेऊनच बसावं. हो, तुमच्यावरच लिहिलंय.

निमित्त नातवाच्या घड्याळाचं. तो सातवीत आहे आणि एका रोबोटिक्सच्या क्लासला जातो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी क्लासमध्ये त्याने (म्हणजे क्लासच्या सरांनी) एक घड्याळ बनवलं. पुठ्ठ्याची तबकडी, तिला एकच काटा, मिनिटाचा. मागे एक छोटी स्टेपर मोटर आणि आर्डुइनो उनो नावाचा निळा बोर्ड. दुसरं बक्षीस मिळालं. घरी पेढे आले. घड्याळ दिवाणखान्यात टांगलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सात मिनिटं पुढे! तिसऱ्या दिवशी चौदा.

मी नातवाला म्हटलं, "अरे, हे पुढे का पळतंय?"

"आजी, चालतंय ना!"

क्लासमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं की रोज सकाळी काटा हाताने मागे घ्यायचा. मी अमेरिकेतल्या भाच्याला फोन केला, तो इंजिनियर आहे. तो हसला. "आत्या, मराठी घेऊन बीए केलंस, आता कशाला या भानगडीत पडतेस? प्रदर्शन झालं, बक्षीस मिळालं."

हे "चालतंय ना, मग झालं" माझ्या डोक्यात गेलं. छत्तीस वर्षं वर्गात उभी राहिलेय मी. गाईडातून निबंध पाठ करून आलेली मुलं मला दुसऱ्या ओळीतच ओळखू यायची. सगळे "निसर्गाच्या कुशीत" सुरू व्हायचे. चालत होतंच की तेही, मार्क मिळत होते!

तर मी नातवाचा प्रोग्राम कागदावर छापून घेतला, एका ओळीखाली लाल रेघ ओढली आणि म्हटलं, संदर्भासहित स्पष्टीकरण दे. चार मार्क. त्या ओळीत मोटरीची माहिती कंसात दिलेली होती: २०४८, ८, १०, ९, ११. बोर्डाच्या ८, ९, १० आणि ११ या चार पिनांना मोटरच्या वायरी जोडल्या आहेत, एवढं त्याला माहीत होतं. पण ८ नंतर १० का? ९ मध्येच मागे का? "सरांनी असंच टाकलंय." मी म्हटलं, बरं, मग आपण सरळ क्रमाने लिहून बघू. ८, ९, १०, ११. मोटर थरथरली, गुणगुणली आणि जागची हलली नाही. आता मात्र पोराचे डोळे उघडे झाले. माझेही.

आता त्या मोटरीबद्दल. ती २८बीवायजे-४८ नावाची, शे-दीडशे रुपयांत मिळणारी. आम्ही आणखी दोन बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी जाऊन घेतल्या. तिला पाच वायरी असतात: निळी, गुलाबी, पिवळी, नारिंगी आणि सगळ्यांना सामाईक अशी लाल. आत दोन कॉइल आहेत. निळी आणि पिवळी ही एका कॉइलची दोन टोकं, गुलाबी आणि नारिंगी ही दुसरीची, आणि दोन्ही कॉइलींच्या मध्यावरून लाल वायर निघते. म्हणजे निळी आणि पिवळी एकदम चालू केल्या तर एकीची ओढ दुसरी मारते. सरळ क्रमाने लिहिलं की नेमकं तेच होतं. स्टेपरची तयार लायब्ररी पहिले दोन आकडे एका कॉइलचे आणि पुढचे दोन दुसरीचे असं धरून चालते, आणि आपल्या जोडणीत पहिली व तिसरी वायर एका कॉइलची आहे. म्हणून ८ च्या शेजारी १०. झालं स्पष्टीकरण! दहा मिनिटांचं काम. वर्षाची फी घेणाऱ्या क्लासला ही दहा मिनिटं मिळाली नाहीत.

मग मी बोर्ड बाजूला ठेवायला लावला. चार रिचार्जेबल सेल घेतले, म्हणजे ४.८ व्होल्ट. लाल वायर प्लसला, आणि बाकीच्या चार वायरी एकेक करून मायनसला टेकवायच्या: निळी, गुलाबी, पिवळी, नारिंगी, पुन्हा निळी. दर वेळी "टुक" असा बारीक आवाज. हेच ते पाऊल. मोटरच्या दांडीला झाडूचा एक हीर चिकटवला, फूटभर लांब. सुरुवातीचे काही ठोके गिअरचे दात एकमेकांत घट्ट बसण्यात गेले, आणि मग हिराचं टोक दर ठोक्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकायला लागलं. नातू तासभर हे करत बसला! टीव्हीवर मॅच चालू असताना. क्रम उलटा केला की मोटर उलटी फिरते हे त्याने आपणहून शोधलं, आणि मला दाखवायला ओरडत स्वयंपाकघरात आला. हे मला क्लासमध्ये का दिसलं नाही, एवढंच विचारायचं आहे.

(मध्ये लागणाऱ्या यूएलएन२००३ या चिपचा उलगडाही तिथेच झाला. एका कॉइलला सुमारे १०० मिलिअँपिअर लागतात, आणि बोर्डाची एक पिन जास्तीत जास्त ४०, खरं तर २० च द्यावी. पिनेने फक्त हुकूम सोडायचा, ओझं चिपने उचलायचं. शिवाय कॉइल बंद करताना जी वीज उलटी उसळते तिला वाट करून देणारे डायोडही त्या चिपच्या आतच असतात.)

आता भाच्याचा मुद्दा. तो मूर्ख नाही, त्यामुळे मुद्दा नीट मांडते. तो म्हणाला, "आत्या, हा बोर्ड बनवलाच मुळी अशा लोकांसाठी, ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स कळत नाही. आणि तू टीव्ही बघतेस तेव्हा आतलं कळतं का तुला?"

पहिलं अगदी खरं आहे. मी वाचून काढलं. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात डिझाईन शिकवणाऱ्या एका संस्थेत मास्सिमो बांझी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा बोर्ड तयार केला. त्याआधी तिथल्याच एर्नान्दो बारागान या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाचं काम केलं होतं, त्याच्या पायावर. नाव ठेवलं गावातल्या एका बारवरून, आणि बारचं नाव अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या तिथल्या आर्दुइन राजावरून. म्हणजे माझ्यासारख्या आर्ट्सवाल्यांसाठीच केलेली सोय ही! पण सोय कशासाठी? आपल्या मनातली वस्तू आपल्याला बनवता यावी म्हणून. दुसऱ्याने बनवलेली आपल्या नावावर खपवता यावी म्हणून नव्हे. आणि त्याच लोकांनी बोर्डाचा आराखडा जगासाठी खुला ठेवला. ती स्टेपरची लायब्ररीसुद्धा साधी वाचता येणारी फाईल आहे, एका बैठकीत संपते. कुठल्या पावलाला कोणत्या दोन पिना चालू, याचा तक्ता वरच लिहून ठेवलाय. दार उघडं आहे आणि कुणी आत डोकावत नाही, याचं मला वाईट वाटतं.

राहिला टीव्ही. मी टीव्ही बघते, पण "हा मी बनवला" अशी पाटी लावून शाळेत मांडत नाही.

लायब्ररी वापरू नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. आम्हीही शेवटी वापरलीच. बाराखडी आलेल्याने शब्दकोश खुशाल वापरावा.

बरं, सात मिनिटांचं काय झालं? आधी मला बोर्डाच्या वेळेचा संशय आला, कारण उनोचं स्वतःचं घड्याळ तितकंसं काटेकोर नसतं. पण या प्रकल्पात वेळ सांगायला डीएस३२३१ हे वेगळं घड्याळ बसवलेलं होतं, ते वर्षाला मिनिटभरसुद्धा क्वचित चुकतं. मग चूक मोटरकडेच असणार. आम्ही तिला एकदम २०,४८० पावलं चालवलं, म्हणजे क्लासच्या हिशोबाने बरोबर दहा फेऱ्या. काटा बारावर थांबायला हवा होता. तो पुढे गेला. कंपासपेटीतला कोनमापक लावला, १८ अंश! म्हणजे २०,४८० पावलांत ३६१८ अंश, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक. उत्तर आलं २०३७.८ च्या आसपास.

दुसरी मोटर आम्ही उघडली. बळी दिला म्हणा. आत गिअरच्या चार जोड्या. दात मोजले: ३२ ला ९, २२ ला ११, २६ ला ९, ३१ ला १०. अपूर्णांकांचा गुणाकार केला तर ६३.६८ येतो, ६४ नव्हे! दुकानदार, क्लास, तयार प्रोग्राम, सगळे ६४ म्हणतात. आतल्या चाकाची एका फेरीला ३२ पावलं, म्हणून ३२ गुणिले ६४, २०४८. खरी पावलं २०३७.९. तासाला दहा पावलं जास्त, दिवसाला साधारण ४३ अंश, म्हणजे सात मिनिटं. (काही मोटरी खरंच ६४ च्या असतात म्हणे. म्हणून तर आपली आपण मोजायची!)

दुरुस्ती नातवाने केली. दर मिनिटाला ३४ पावलं घेतली तर तासाला २०४० होतात, थोडी जास्त. मग दिवसभरात ५१ पावलं गाळायची. मी त्याला म्हटलं, आपल्या पंचांगात क्षयतिथी असते ना, तशी ही क्षयपावलं. त्याने प्रोग्राममध्ये त्या आकड्याचं नाव 'क्षय' ठेवलंय, इंग्रजी अक्षरांत. शिवाय पाऊल टाकून झालं की चारही पिना बंद करायच्या, नाहीतर मोटर उभ्या उभ्या तापत राहते. क्लासचं घड्याळ हाताला गरम लागायचं, तेही "चालतंय"मध्येच जमा होतं.

भाच्याला हे सगळं कळवलं. त्याचं उत्तर आलं: "पण आत्या, एका काट्याच्या घड्याळासाठी अख्खी मे महिन्याची सुट्टी?" हो. अख्खी. पोहण्याचा वर्गही बुडला, आणि सूनबाई त्यावरून माझ्यावर थोडी नाराज आहे, तेही इथे नोंदवून ठेवते.

पालकांना एकच सांगणं. पुढच्या प्रदर्शनात पोराच्या प्रकल्पापुढे फोटो काढून झाला की त्याच्या प्रोग्राममधल्या कुठल्याही एका आकड्यावर बोट ठेवा आणि विचारा, हा इथे का? बक्षीस देणाऱ्या परीक्षकांनीही विचारावं. आमच्याकडे त्यांनी "छान, छान" म्हणून पुढचं टेबल गाठलं होतं.

काल रात्री नऊच्या बातम्या लागल्या तेव्हा काटा नेमका बारावर होता. नातवाला आता तासकाटा हवाय. त्यासाठी दुसरी मोटर लावायची की पुठ्ठ्याचे गिअर कापून याच मोटरवर बारापट हळू फिरवायचा, यावर सकाळपासून आमचं भांडण चालू आहे. मी पुठ्ठ्याच्या बाजूची.